विंचुर्णीहून केप हॉर्नकडे

कराड हे समुद्राचे गाव नव्हे. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरून पश्चिमेकडे सरळ रेष ओढली तर अरबी समुद्र शंभर किलोमीटरांच्या आसपास भरतो. परंतु मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे संगमावरचे पाणी त्या बाजूला न जाता सांगलीवरून पूर्वेची वाट धरते आणि कृष्णेचा सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर संपतो. कोयनेच्या पाण्याचा मोठा हिस्सा मात्र कराडपर्यंत येतच नाही. हेळवाकजवळच्या धरणात अडलेले हे पाणी बोगद्यांवाटे डोंगराखालून उतरते, पोफळीची जनित्रे फिरवते, वाशिष्ठीच्या खोऱ्यात पडते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात, जाऊन मिळते. पाण्याला विसाव्या शतकात मिळालेली ही वाट माणसांनी फार पूर्वीच पायाखाली घातली होती, कारण कुंभार्ली घाटातून कराड आणि चिपळूण यांची देवघेव जुनी आहे. असे असूनही समुद्रावर जाणे हे कोकण्याचे काम आणि नदी ओलांडण्यापुरते पाण्यात उतरणे हे देशावरच्या माणसाचे, ही समजूत कृष्णाकाठी आजही घट्ट आहे. गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटून पैलतीर गाठणारी माणसे या भागात होती आणि सांगलीच्या पात्रात होड्यांच्या शर्यतीही रंगतात. तरी यांपैकी कोणी महासागराचा विचार केला असेल, असे सहसा कोणी मानत नाही. या समजुतीला पहिला छेद सातारा जिल्ह्यातच, तोही पावसाने पाठ फिरवलेल्या फलटण तालुक्यात, विंचुर्णी नावाच्या गावात गेला.

व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी हे निवृत्तीनंतर या गावी राहत असत. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडील समुद्रात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले होते, १९७८ मध्ये त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीची स्थापना केली होती आणि पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख या पदावरून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले होते. एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा विचार त्यांनी नौदलाच्या गळी उतरवला आणि त्यातून ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम उभा राहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंचुर्णी येथेच त्यांचे निधन झाले. भारतीयांच्या एकल सागरप्रवासाची मुळे ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातल्या एका घरात सापडावीत, ही गोष्ट कराड-सांगलीकडच्या वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे.

प्रदक्षिणा कशाला म्हणावे, याचे संकेत ठरलेले आहेत. ज्या बंदरातून निघावे त्याच बंदरात परतावे, वाटेत सर्व रेखावृत्ते ओलांडावीत, विषुववृत्त निदान दोनदा पार करावे, सुएझ किंवा पनामा यांसारख्या कालव्यांचा आधार घेऊ नये आणि एकंदर अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी नसावे, अशी ती अट आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाच्या एका अंशाचे साठ भाग केले असता त्यातील एका भागाएवढे हे अंतर येते आणि ३६० अंशांना साठने गुणले की २१,६०० हा आकडा आपोआप मिळतो. वेग नॉटमध्ये मोजतात, नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. पन्नास-पंचावन्न फुटी शिडाची नौका बऱ्या वाऱ्यात सहा नॉटने चालली, तर रात्रंदिवस न थांबता चोवीस तासांत ती १४४ सागरी मैल, म्हणजे २६७ किलोमीटर कापते. कराडच्या स्थानकातून सकाळी सुटलेली एसटी दुपारपर्यंत पनवेलच्या अलीकडे पोहोचते, तेवढेच हे अंतर आहे. या गतीने पृथ्वीला फेरी घालायची असते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा प्रवासात धाडसापेक्षा चिकाटीचा वाटा मोठा का, हे कळू लागते.

एकट्याने आणि कोठेही न थांबता ही प्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने, १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात. त्याची बत्तीस फुटी ‘सुहैली’ मुंबईत कुलाब्याला सागवानातून घडली होती आणि तेथील सुतारांनी ती वाकस व कमानीचे सामते अशा पारंपरिक हत्यारांनी बांधली होती. म्हणजे जगातील पहिल्या विनाथांबा एकल प्रदक्षिणेची नौका मुंबईच्या कारागिरांच्या हातची होती. एकट्याने अशा प्रदक्षिणेला निघणारा भारतीय मिळायला मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात, १९८५ ते १९८७ मध्ये, भारतीय सेनेच्या इंजिनिअर दलाची ‘तृष्णा’ ही नौका अनेकांच्या तुकडीने पृथ्वीभोवती नेली होती. एकट्या माणसाची जागा रिकामीच होती.

ती भरून काढली कमांडर दिलीप दोंदे यांनी. पाणबुड्या म्हणून नौदलात काम केलेले दोंदे २००६ मध्ये या कामासाठी स्वतःहून पुढे आले, तेव्हा नौका नव्हती, आराखडा नव्हता आणि असला प्रवास केलेला एकही भारतीय सल्ल्याला नव्हता. ‘व्हेलक्स ५ ओशन्स’ या एकल शर्यतीत उतरलेल्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नौकेच्या तयारीत हात घालून त्यांनी पहिले धडे घेतले. नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने घेतले. नेदरलँड्सच्या व्हान द श्टाट या आराखडाकारांच्या रेखाटनावरून लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर फायबरग्लासचे आवरण चढवलेली ही छप्पन्न फुटी नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाकडे आली आणि तिला गोव्याच्या नदीवरून ‘म्हादेई’ हे नाव मिळाले. नौका बांधली जात असता दोंदे स्वतः कारखान्यात वावरले, ही बाब वरवर किरकोळ दिसते. परंतु भर समुद्रात कोणती तार कोणत्या फळीमागून गेली आहे हे ज्याला अंधारात हात लावून सांगता येत नाही, त्याची नौका पहिल्याच बिघाडाला परक्याची होऊन जाते.

अशा नौकेची रचना समजून घेतल्याशिवाय प्रवासाचे वर्णन कळणार नाही. तिला एकच डोलकाठी असते. तिच्या मागे मुख्य शीड आणि पुढे नाळेच्या बाजूला एक किंवा दोन शिडे चढवतात. तळाशी कील नावाचा खोल पंखा असतो आणि त्यात भरलेले वजन नौका कलली की तिला पुन्हा उभे करते. तोच पंखा वाऱ्याच्या दाबाने नौका आडवी सरकू नये म्हणून पाण्यात रोवल्यासारखा उभा राहतो. वारा पाठीशी किंवा बाजूला असताना नौका सुखाने चालते. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर मात्र सरळ चाल करता येत नाही. सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढावी लागते आणि नकाशावरचे शंभर मैल प्रत्यक्षात दीडशेच्या घरात जातात. सुकाणू सतत हाती धरणे एकट्याला शक्य नसल्यामुळे ते काम विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित यंत्राकडे किंवा वाऱ्याची दिशा धरून फिरणाऱ्या पात्याकडे सोपवतात.

‘म्हादेई’ने १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांपूर्वीच झाली होती, म्हणजे किनाऱ्यावरचे मच्छीमार ज्या दिवसापासून समुद्राला पुन्हा आपले मानतात तो दिवस उलटून गेला होता; तरी नैर्ऋत्य मोसमी वारा ओसरलेला नव्हता. जो वारा कोयनानगरला कोसळतो आणि कराडला पोहोचेपर्यंत बराचसा रिता होतो, तोच या प्रवासाच्या आरंभी दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेच्या नाळेवर येतो आणि पहिले दिवस कललेल्या, ओल्या आणि उलट्यांच्या जातात. पुढे विषुववृत्ताचा शांत पट्टा लागतो. तेथे वारा पडतो, शिडे लोंबतात, आकाशात ढगांचे मनोरे उभे राहतात आणि मध्येच एखादी सर नौकेला झोडपून निघून जाते. हा पट्टा ओलांडल्यावर आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मिळतात. ते इतके नेमाचे असतात की शिडांना काही दिवस हातही लावावा लागत नाही. त्यांच्याही दक्षिणेला उतरले म्हणजे पश्चिमी वाऱ्यांचा प्रदेश सुरू होतो आणि नौका पूर्वेकडे, ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराकडे वळते.

शालेय भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ म्हणून जे पाठ केले जाते, ते चाळीस अंश दक्षिण अक्षवृत्तापलीकडचे वारे या प्रवासाचा खरा गाभा आहेत. उत्तर गोलार्धात वाऱ्याला जागोजागी जमीन आडवी येते. दक्षिणेला या अक्षांशांवर जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे वारा पृथ्वीभोवती अखंड फिरतो आणि त्याच्याखालची लाट हजारो मैल वाढत राहते. फ्रीमँटलहून न्यूझीलंडचे लिटल्टन आणि तेथून प्रशांत महासागर ओलांडून फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली, असा दोंदे यांचा मार्ग होता. पहिल्या टप्प्यात ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन भूशिर आणि दुसऱ्यात दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न ओलांडले जाते. या दुसऱ्या टप्प्यात पूर्वेकडे जाणारी नौका आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते आणि एकच तारीख दोनदा जगते. पुढे ‘पॉइंट निमो’चा परिसर येतो, जेथून सर्वांत जवळची जमीनही सुमारे २,६८८ किलोमीटर दूर असते. नौकेमागून आठवडेच्या आठवडे पंख न हलवता तरंगत येणारे अल्बाट्रॉस पक्षी सोडले तर तेथे दुसरी सोबत नसते.

छप्पन्न अंश दक्षिणेच्या जवळ असलेले केप हॉर्न खलाशांच्या तोंडी इतके का असते, याचे कारण नकाशातच आहे. हॉर्न आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये सुमारे आठशे किलोमीटरांची ड्रेक सामुद्रधुनी आहे. पृथ्वीभोवती मोकळा फिरत आलेला वारा आणि त्याने हाकललेले पाणी या फटीत एकदम दाटते, त्यात खोल समुद्राचा तळ उथळ होत जातो आणि लाटा उंच व उभ्या होतात. पोर्ट स्टॅन्लीनंतर दक्षिण अटलांटिक पार करून केप टाउन, तेथून केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदी महासागरातून उत्तरेकडे, असा शेवटचा भाग उरतो. १९ मे २०१० रोजी ‘म्हादेई’ मुंबईला परतली आणि एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून दोंदे यांची नोंद झाली. त्यांचे सहकारी अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली.

मार्गाचे हे वर्णन नकाशावर सरळ दिसते, पण प्रवासाचा बहुतेक वेळ बारीकसारीक कामांत जातो. मध्यरात्री वारा वाढला आहे, हे एकल खलाशाला आधी कानांनी कळते. डोलकाठीला बांधलेल्या तारांचा सूर चढतो आणि नौका एका अंगावर अधिक झोपते. अशा वेळी मुख्य शिडाचा काही भाग खाली घेऊन बांधणे, म्हणजे शीड आखडणे, हे काम पुढे ढकलता येत नाही. जलरोधक कपडे, छातीला पट्टा आणि त्याची आकडी नाळेपासून मागपर्यंत ताणलेल्या जीवनदोरात अडकवून माणूस गुडघ्यांवर रांगत डोलकाठीकडे जातो. तेथे एक दोर थोडा सैल सोडायचा, शीड हातभर खाली ओढायचे, त्याची कडी आकड्यात घालायची, दुसरा दोर चरकावर गुंडाळून ताणायचा आणि सुटलेले कापड गाठींनी आवळायचे. हे सारे डोक्यावरच्या लहान दिव्याच्या उजेडात, मध्येच अंगावर येणारे थंड पाणी सोसत आणि एक हात सदैव नौकेला धरून. परतल्यावर ओले कपडे बदलावेत, तोवर वारा पडतो आणि तेच शीड पुन्हा वर चढवावे लागते.

झोपेचेही असेच आहे. क्षितिजावर दिसू लागलेले मालवाहू जहाज वीस मिनिटांच्या आत अंगावर येऊ शकते, म्हणून जहाजांच्या वाटेवर असताना एकटा खलाशी गजर लावून तुकड्या-तुकड्यांनी झोपतो. तुकडी असेल तर पाळ्या लावता येतात. स्वयंपाकाची शेगडी झुल्यासारख्या चौकटीत बसवलेली असते, त्यामुळे नौका कितीही कलली तरी कुकर सरळ राहतो. तो उतरवणाऱ्या माणसाला मात्र ही सोय नसते. पिण्याचे पाणी टाक्यांत भरून नेतात आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र जोडीला ठेवतात. ते बंद पडले की पावसाचे पाणी शिडावरून बादलीत धरण्यावाचून गत्यंतर नसते. झिजलेले दोर बदलणे, फाटलेले शीड सुईदोऱ्याने शिवणे, तळातले पाणी उपसणे, पंपाच्या रबरी चकत्या बदलणे, बॅटऱ्यांवरचा खार पुसणे हीच दिनचर्या असते. धाडसाच्या कथा वाचून समुद्रावर निघालेल्या माणसाची निराशा येथेच होते, आणि शेतावरची मोटर स्वतः उघडून बसणारा माणूस येथे टिकून राहील, असे म्हणायला जागा आहे.

धोका खरा असतो. तो झाकण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरीय’ या नौकेतून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले असता दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर ते अडकले होते. भारतीय आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी नौका शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. ते पुन्हा चालायला शिकले आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या आवृत्तीत, एप्रिल २०२३ मध्ये, दुसरे आले. ‘तारिणी’ या दुसऱ्या गोवा-घडणीच्या नौकेतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात २१,६०० सागरी मैलांची प्रदक्षिणा केली, तेव्हा परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे योजनेत नसलेला थांबा मॉरिशसच्या पोर्ट लुईला घ्यावा लागला. थांबावे की रेटावे, हा निर्णय या प्रवासात वारंवार घ्यावा लागतो, आणि थांबणाऱ्याला भित्रा म्हणण्याची पद्धत जाणत्या खलाशांत नाही. याच ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात प्रदक्षिणा केली.

सुरक्षिततेची ही शिस्त समुद्रापुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. केप हॉर्नला जाणारा माणूस शांत समुद्रातही छातीचा पट्टा काढत नाही. कृष्णाकाठी मात्र पुरात बोट येते ती आयत्या वेळी आणि तीत किती माणसे घ्यायची याचा हिशेब गर्दीच ठरवते.

देशावरचा माणूस समुद्राला परका, हे मतही इतिहासाला धरून नाही. कान्होजी आंग्रे यांचे सरखेलपद १७१३ च्या सुमारास कायम झाले ते सातारच्या शाहू छत्रपतींकडून, बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने. आणि १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचे आरमार विजयदुर्गाजवळ जळाले तेही इंग्रजांना हाताशी धरून पेशव्यांनीच चालवलेल्या मोहिमेत. आरमाराला बळ देण्याचा आणि त्याची राख करण्याचा, असे दोन्ही निर्णय घाटावर झाले. यांतील दुसऱ्या निर्णयाची किंमत मराठी राज्याने पुढे किती मोजली, याची चर्चा देशावरच्या इतिहासलेखनात लढायांच्या मानाने फारच थोडी होते.

शीड शिकायला आज पाण्याची अडचण नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, जावळी तालुक्यातील मुनावळे येथे, २०२४ मध्ये शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. तेथे भर आहे तो इंजिनावर धावणाऱ्या बोटींवर आणि जेट स्कीवर. त्यांत बसणाऱ्याला पाण्याचा वेग मिळतो, पण वारा वाचता येत नाही. जगभर लहान मुले शीड शिकतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या, जेमतेम आठ फुटी, एकट्याने चालवायच्या होडीवर, आणि अशा होडीला डोंगरांनी वेढलेला, फिरत्या वाऱ्याचा जलाशय चांगलाच मानवतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांनी, एनसीसीच्या तुकड्यांनी आणि शासनाने मिळून मुनावळ्याला अशा दहा-वीस होड्या आणि एक जाणता शिक्षक एवढी सोय करावी. कराडच्या मुलाने वाऱ्याशी पहिली ओळख करून घेण्यासाठी मुंबई किंवा गोवा गाठण्याची गरज राहणार नाही.